फुंकणीवाली मॅडम

माझं काम लोकांना फुंकायला लावायचं आहे. "काय करतेस?" असं कोणी विचारलं की मी "मेडिकल लाइनमध्ये आहे" म्हणते आणि लगेच समोरच्याच्या मुलाबाळांची चौकशी सुरू करते. लग्नात, हळदीत, बोईसरच्या बाजारात आईच्या टोपलीपाशी, सगळीकडे ही युक्ती चालते. स्वतःच्या मुलांबद्दल बोलायला कोणाला आवडत नाही? ते बोलत बसतात आणि माझी सुटका होते.

शिक्षणाने मी रेस्पिरेटरी थेरपिस्ट. ज्याला श्वास घेता येत नाही त्याला तो घ्यायला मदत करायची, व्हेंटिलेटर लावायचा, काढायचा, ऑक्सिजन किती द्यायचा ते बघायचं, फुप्फुसांत किती हवा मावते आणि ती किती जोरात बाहेर पडते ते मोजायचं. चार वर्षांची पदवी आहे, त्यातलं शेवटचं वर्ष हॉस्पिटलातच जातं. एवढं सगळं सांगून झालं की समोरचा माणूस हमखास विचारतो, "म्हणजे नर्स?" नाही म्हटलं की, "मग डॉक्टर?" तेही नाही म्हटलं की त्याच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल अशी काही काळजी दाटून येते की मला उठून जावंसं वाटतं. स्वभावाने मी तापट आहे, रिक्षावाल्याशी, बँकेतल्या बाईशी, कोणाशीही भांडू शकते. पण या प्रश्नापुढे मी कानकोंडी होऊन बसते.

सध्या मी बोईसरच्या एका संस्थेत आहे. तारापूरच्या कारखान्यांतल्या कामगारांची दरवर्षी तपासणी करावी लागते, ते काम ही संस्था घेते. आम्ही गाडी घेऊन कंपनीत जातो आणि कॅन्टीनमध्ये टेबलं मांडून बसतो. कोणी डोळे तपासतं, कोणी कान, कोणी रक्त काढतं, आणि कोपऱ्यातल्या टेबलावर मी. माझ्यापुढे लॅपटॉप, त्याला जोडलेलं लहानसं मशीन, पुठ्ठ्याच्या नळ्या आणि नाकाला लावायचे चिमटे असतात. चिमटा लावला की भलेभले दांडगे पुरुष एकदम शाळेतल्या पोरांसारखे दिसायला लागतात आणि त्यांना स्वतःलाच हसू येतं. मग मी सांगते, छाती भरून दम घ्या, नळी ओठांत घट्ट धरा, एकदम जोरात फुंका आणि आत काही उरत नाही तोवर फुंकतच राहा.

माणूस आपणहून एवढं कधीच फुंकत नाही. संपलं असं त्याला वाटतं, पण संपलेलं नसतं. तेव्हा समोरच्याने ओरडायचं असतं. "और फूँको भैया, और, और, और, छोड़ना मत, है अभी, है!" गोणी उचलणारा बिहारचा माणूस असो की आमच्याकडचा, त्याच्या तोंडासमोर वाकून मी अशी ओरडते की कढई घासणारा आचारीही हात थांबवून बघतो. ही ओरड म्हणजे निम्मी तपासणी. ओरडणारा मवाळ असला तर धडधाकट माणूसही पडद्यावर आजारी दिसतो. कामगारांनी माझं नाव फुंकणीवाली मॅडम ठेवलंय. चूल फुंकायची फुंकणी असते ना, ती. हे नाव आमच्या गावापर्यंत पोहोचू नये म्हणून मी बरीच वर्षं देवाला हात जोडत होते.

कारण आमच्या गावात, दांडीला, मी डॉक्टर आहे.

त्याचं असं झालं. बारावीनंतर डॉक्टरकीच्या प्रवेशाची 'नीट' परीक्षा दिली. मार्क आले, पण सरकारी कॉलेजला पुरणारे नव्हते. पुढच्या वर्षी पुन्हा दिली, पुन्हा तेच. खाजगी कॉलेजचं नाव आमच्या घरात काढायचीही सोय नव्हती. प्रवेशाच्या ठिकाणी खिडकीमागच्या बाई दयाळू होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "श्वसनाचा एक कोर्स आहे. अजून जागा आहेत. आयसीयूत डॉक्टरांच्या बरोबरीने उभी राहशील." तो 'बरोबरीने' मी दांडीपर्यंत जपून आणला. घरात शिरताच त्याचं 'डॉक्टर' झालं, आणि आळीच्या टोकाला पोहोचेपर्यंत 'मोठी डॉक्टर'.

आमच्याकडे कशालाही बॅनर लागतो. वाढदिवस असो, नवी होडी पाण्यात उतरो, कोणी दहावी पास होवो, नाक्यावर बॅनर हवाच. मंडळाच्या पोरांनी मला न विचारता माझाही लावला. फोटो आतेबहिणीच्या हळदीतला होता, गालाला हळद तशीच, खांद्यावर फोटोतून कापलेल्या कोणाच्या तरी हाताची उरलेली बोटं. त्याखाली 'दांडी गावची कन्या, भावी डॉक्टर, हार्दिक अभिनंदन' आणि त्याखाली गॉगल लावलेल्या शुभेच्छुकांची रांग. बाबा पहिल्या पाळीवरून आले ते बॅनरखाली थांबले. वर बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"फोटो चांगला हाय," म्हणाले.

बस, एवढंच. मीही त्यांना काही बोलले नाही. तो कोर्स कसला हे मी त्यांना आधीच सांगितलं होतं, सरळ, मराठीत. त्यांना ते समजलं होतं की नव्हतं, हे मला त्यांच्या तोंडावरून कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर मला ते कळून घ्यायचंही नव्हतं.

गणपतीनंतर बॅनर उतरवला. एवढं चांगलं जाड प्लास्टिक वाया कशाला घालवायचं म्हणून आईने तो मागून घरी आणला. तेव्हापासून आमच्या अंगणात संध्याकाळी सुकट आणि सुके बोंबील गोळा करून ढीग घातला की आई त्यावर भावी डॉक्टरला पांघरते. चार कोपऱ्यांवर चार दगड. कधी घडीत माझा अर्धा चेहरा वर येतो आणि त्यावर माशा बसतात. किती वेळा म्हटलं की फेकून दे तो. आई म्हणते, "नवा आणून दे मग."

आमच्याकडे होडीचा धंदा माझ्या लहानपणीच संपत आला होता. बाबा आधी दुसऱ्याच्या होडीवर वाट्याने जायचे. मासळी कमी झाली, वाटा आणखी कमी झाला आणि ते तारापूरला ठेकेदाराच्या हाताखाली कामाला लागले. कारखाना रंगांचा. पावडर गोणीत भरायची, गोणी शिवायची, थप्पी लावायची. घरी आले की त्यांच्या भुवया पिवळ्या असायच्या, कानांच्या पाळ्यांमागे पिवळं, आणि कितीही धुतली तरी उशी पिवळी. लहान होते तेव्हा मला ती गंमत वाटायची. कॉलेजात गेल्यावर अशा पावडरी छातीत जाऊन काय करतात यावर एक अख्खा धडा निघाला. तो मला वर्गात सगळ्यात चांगला येत होता.

हॉस्टेलवर मात्र मी सांगितलं की वडील कंपनीत आहेत. 'कंपनीत' हा आमच्या बोईसरकडचा फार सोयीचा शब्द आहे. मॅनेजरही कंपनीत असतो आणि गोणी उचलणाराही. आई गृहिणी, असं सांगितलं. पहाटे मासळीची पाटी घेऊन बाजारात बसणारी, गिऱ्हाइकाला रस्त्याच्या पलीकडून हाक मारून वळवणारी माझी आई, गृहिणी!

तिचाच आवाज माझ्या गळ्यात आहे, हे मला फुप्फुसांच्या प्रयोगशाळेत पहिल्या दिवशी कळलं. सरांनी एकेकाला पेशंटसमोर बसवून ओरडायला सांगितलं. बाकीच्या मुली नाजूकपणे "ब्लो, ब्लो" करत होत्या. माझी पाळी आली आणि माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून व्हरांड्यातून जाणारी माणसं आत डोकावली. पेशंटने घाबरून सगळा दम टाकला. सर खूश. "हा आवाज! असं मागायचं असतं पेशंटकडून." मागच्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, "मच्छी मार्केट." सगळ्या हसल्या. मीही हसले, त्यांच्याहून थोडी जास्तच. त्या दिवसापासून प्रयोगशाळेबाहेर मी हळू, नाकातून, मुंबईच्या मुलींसारखी बोलायला शिकले.

पदवीनंतर मुंबईत एका मोठ्या हॉस्पिटलच्या आयसीयूत लागले. ते काम मला मनापासून आवडलं, हे सांगितलंच पाहिजे. आठवडाभर मशीनवर असलेल्या माणसाच्या गळ्यातून नळी काढताना त्याच्या कानाशी तोंड नेऊन "खोका काका, खोका, अजून एकदा!" म्हणायचं, आणि मग तो पहिला स्वतःचा, खरखरीत, वेडावाकडा श्वास ऐकायचा. असं काही ऐकलं की दिवसभर अंगात हुशारी असायची. पण पेशंट बरा होऊन घरी निघाला की पेढे डॉक्टरांना, सिस्टरला, वॉर्डातल्या मावशींनाही मिळायचे. मला नातेवाईक विचारायचे, "मशीन न्यायला कोण येणार, तुम्हीच का?" एकदा मी चिडून म्हटलं, "हो, टेम्पो खाली उभा आहे." त्यांनी ते खरं मानलं आणि दार उघडून धरलं.

आमच्या बॅचची पांगापांग झाली. एकजण परीक्षा देऊन आखातात गेली, तिचे फोटो बघून जीव जळतो. एकजण व्हेंटिलेटर विकणाऱ्या कंपनीत आहे, टाय लावतो. एक कॉलेजातच शिकवते. घोरणाऱ्यांच्या झोपेची तपासणी करणाराही एक आहे. वाटा बऱ्याच आहेत, पाटी नाही एवढंच. माझ्या हॉस्पिटलने एक दिवस ठरवलं की मशीनचं काम सिस्टरच बघतील. माझा करार पुढे चालू ठेवला नाही. मी सामान बांधून घरी आले. आईचे गुडघे दुखतात म्हणून आले, असं गावात सांगितलं. गावाने त्याचं "डॉक्टरीण बोईसरला आली" असं करून टाकलं. लोक खोकला, खरूज, लेकराचा ताप घेऊन दारात यायला लागले. मी प्रत्येकाला सरकारी दवाखान्यात पाठवायचे. "मी फक्त छातीचं बघते," म्हणायचे. हे खरं होतं, पण ज्या सुरात मी ते म्हणायचे तो खरा नव्हता.

आता त्या दिवसाचं सांगते.

आमच्या तपासणीत ज्याचं फुंकणं कमी येतं त्याच्या नावापुढे डॉक्टर 'पुढील तपासणी' असं लिहितात. कायम कामगाराला कंपनी पुढे पाठवते, खर्च करते. ठेक्यावरच्या माणसाला मुकादम सांगतो, फिट असल्याचा कागद आण मग ये. तो कागद मिळवायला पालघरला खेपा घालाव्या लागतात आणि तोपर्यंत त्याच्या जागी दुसरा उभा असतो. म्हणून ठेक्यावरची माणसं माझ्यापुढे बसताना देवाचं नाव घेतात. हे मला पक्कं माहीत होतं.

बाबांचा ठेकेदार पावसाळ्यात बदलला होता आणि नव्याबरोबर ते दुसऱ्या कंपनीत गेले होते. कोणत्या, ते मी विचारलं नव्हतं. म्हणून त्या सकाळी कॅन्टीनमध्ये रांग लागली आणि त्या रांगेत मला बाबा दिसले तेव्हा मी नळ्यांचं पाकीट उलटं फाडलं. सगळ्या नळ्या जमिनीवर.

अंगात ठेकेदाराचा निळा शर्ट होता, दोन माणसं मावतील असा. पायात सेफ्टी बूट. डाव्या बुटाचा सोल सुटलेला आणि तो हिरव्या नायलॉनच्या दोरीने शिवलेला. ती दोरी जाळ्याची होती. गाठही जाळ्याचीच, बाबांच्या हातची. मी ती गाठ लहानपणापासून ओळखते. शेजारच्या टेबलावर आमचे डॉक्टर बसले होते, बरोबरच्या मुली होत्या, कंपनीचा माणूस टाय लावून उभा होता. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा की ही रांग इथेच तुटावी, जेवणाची घंटा व्हावी, काहीही व्हावं.

बाबा समोर येऊन बसले. मी तोंड उघडण्याआधीच त्यांनी हात जोडले.

"नमस्ते मॅडम."

डोळ्यांत ओळख नाही, काही नाही. मला वाटलं, बाबांना माझी लाज वाटतेय. त्यांच्यामागे त्यांचा गोणी शिवणारा जोडीदार उभा होता, शेजारच्या उच्छेळी गावचा, आमच्या नाक्यावरचा बॅनर बघितलेला. पोरगी डॉक्टर म्हणून यांनी मिरवलं असणार आणि आता ती कोपऱ्यातल्या टेबलावर पुठ्ठ्याच्या नळ्या वाटतेय. मी लॅपटॉपकडे बघितलं. तिथे रिकामा चौकोन लुकलुकत होता.

"नाव?" मी विचारलं.

बाबांनी नाव सांगितलं. स्वतःचं, आजोबांचं, आडनाव. माझ्या प्रत्येक प्रमाणपत्रावर माझ्या नावानंतर जे येतं तेच. मी ते टाइप केलं.

"वय?"

त्यांनी सांगितलं.

"बिडी, तंबाखू?"

"नाय, मॅडम."

मी मान वर केली. घराच्या मागे, पाण्याच्या टाकीपाशी बसून हा माणूस रोज बिडी ओढतो. बाबा खाली बघून म्हणाले, "येकादी."

मी त्यांच्या नाकाला चिमटा लावला. बोटांना त्यांचं नाक लागलं, थोडं बाकदार, माझ्यासारखंच. पद्धत समजावून सांगितली, काका म्हणत, तुम्ही म्हणत. घरी आम्ही बाबांना अरे-तुरे करतो. बाबांनी नळी तोंडात धरली आणि बशीतला चहा गार करावा तसं फुंकलं.

मशीनने लाल खूण दाखवली.

"काका, जरा जोरात हं," मी म्हटलं. माझा आवाज हॉस्टेलवरचा, नाकातला. मलाच तो ऐकू येईना.

दुसऱ्यांदा तसंच. पडद्यावर एक बुटका उंचवटा उमटला आणि आडवा झाला. जोडीदार मागून म्हणाला, "अरे फुंक ना, चूल पेटवतोस का लाजतोस?" रांग हसली. डॉक्टर पलीकडून वाकून बघत मला म्हणाले, "नीट फुंकत नाहीयेत. नसेल जमत तर तसं लिहून टाक, पुढचा घे. लाइन मोठी आहे."

लिहून टाक. म्हणजे मुकादम उद्या सांगणार, कागद आण. बाबांनी ते ऐकलं. त्यांच्या मांडीवरच्या हाताची मूठ वळली. तरी ते माझ्याकडे बघेनात.

आणि मला ती छाती माहीत होती! भरतीच्या पाण्यात मला पोहायला शिकवताना हा माणूस बुडी मारून इतका वेळ खाली राहायचा की मी काठावर रडायला लागायचे. बोंबाबोंब करून माणसं जमवली की पलीकडे डोकं वर काढून हसायचा. त्याच्यात दम नाही असं मी लिहू? आणि मी ओरडत नव्हते म्हणून? मला स्वतःचा एवढा राग आला की मी खुर्ची मागे ढकलून उभी राहिले.

"भर छाती," मी म्हटलं. "अजून भर. अजून. हां, आता फुंक!"

आणि मग माझा ताबा राहिला नाही. "फुंक बाबा! फुंक, अजून, अजून, सोडू नको, नाय संपला, हाय अजून, बाबा, हाय, हाय, हाय!"

तो आवाज माझ्या आईचा होता, बोईसर बाजारातला, रस्त्याच्या पलीकडे पोहोचणारा. बाबांनी आता कुठे माझ्याकडे बघितलं आणि माझ्या डोळ्यांवरचे डोळे न हलवता ते फुंकत राहिले, तोंड लाल होईपर्यंत, मानेच्या शिरा वर येईपर्यंत, खांदे पुढे येईपर्यंत. पडद्यावर रेघ सरळ वर गेली आणि मग उतरत आली, शेवटाला थोडीशी खचलेली. ते खचणं बिडीचं आणि पावडरीचं. बाकी रेघ चांगली होती. मशीनने हिरवी खूण दाखवली. पुन्हा दोनदा फुंकायला लावलं, दोन्ही वेळा ओरडले, दोन्ही वेळा हिरवी.

बाबा खोकत होते. जोडीदार एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होता.

"बाबा म्हणाली ती? ही तुजी पोरगी? ती डॉक्टर हाय ती?"

बाबांनी मान हलवली.

"मग मगाशी नाव काय इचारत होती तुला?"

लोक हसले. वाईट मनाने नाही, एखादी गंमत झाल्यासारखे. डॉक्टर हसले, टायवाला हसला. मला मात्र जमीन दुभंगावी आणि मला पोटात घ्यावं असं झालं.

"डूटी हाय ती तिची," बाबा म्हणाले. "मशिनीला नाव लागतं." त्यांनी नाकाचा चिमटा काढला, शर्टाच्या टोकाला नीट पुसला आणि टेबलावर ठेवला. मग उठून रक्ताच्या रांगेत गेले. डॉक्टरांनी रेघ बघितली, 'फिट' लिहिलं आणि मला म्हणाले, "बिडी सोडायला सांग वडिलांना." जोडीदार खुर्चीत बसला. त्याला नाव विचारताना माझी मान वर झाली नाही.

आमची गाडी बोईसरला परत आली. तिथून स्कूटी घेतली आणि पाळी सुटायच्या वेळी मी कंपनीच्या गेटसमोर जाऊन उभी राहिले. हे मी आधी कधीच केलं नव्हतं. बाबा रोज शेअर रिक्षाने येतात. माणसांच्या लोंढ्यात ते बाहेर आले, मला बघून थबकले, आजूबाजूला बघितलं, मग डब्याची पिशवी मांडीवर घेऊन मागे बसले. कंपन्या संपल्या, खारी हवा लागली.

"बिडी सोड," मी म्हटलं.

"बघू."

"मला मॅडम काय म्हणालास?"

"मग काय म्हणू? तुजे सायेब बसलेले. माजा बूट बघितलास ना कसा हाय तो? तशात शर्ट ठेकेदाराचा, ढगळा. म्हटलं, तिला कशाला कमीपणा."

मी स्कूटी हळू केली. समोरून टँकर येत होता. तो जाऊ दिला.

"मला वाटलं, तुला माझी लाज वाटली. डॉक्टर नाय म्हणून."

"मला?" बाबा हसले. "मला तर तू पहिल्याच दिवशी सांगितलंस कसला कोर्स हाय तो. बॅनर त्या पोरांनी लावला. मी कोणाला डॉक्टर बोललो नाय कदी. लोक बोलायचे, मी गप रहायचो. तू पण गप. म्हटलं, तुला बरं वाटत असेल तसं, तर असू दे."

सुरूच्या झाडांमधून वारा येत होता. एवढ्या वर्षांत आम्ही दोघं एकाच घरात, एकाच बॅनरखाली, एकमेकांना बरं वाटावं म्हणून गप्प बसलो होतो. मग बाबा, माझ्या खांद्यावर हात ठेवून, समजूत काढावी तशा सुरात म्हणाले,

"मी तर धास्तावलो होतो गो. रांगेतनंच बघितलं तुला. म्हटलं आता ही वळख देते का काय सगळ्यांसमोर. तू नाव इचारलंस ना, तवा जिवात जीव आला माज्या. म्हटलं, चला, सुटली पोरगी."

आणि लगेच पुढे, "मग तू वरडलीस आणि सगळा घोळ करून ठेवलास."

ते हसत होते. पाठीमागे त्यांची छाती हसण्याने हलताना मला जाणवत होती. मी गाडी चालवत राहिले.

घरी पोहोचलो तेव्हा आई अंगणात बोंबलांवर बॅनर पांघरत होती. एका कोपऱ्यावर दगड ठेवत तिने विचारलं, "आज दोघं एकत्र कसे?"

"माज्या कंपनीत आलेली ती, आमाला तपासायला," बाबा म्हणाले. "काय वरडते गो! अगदी तुज्यासारखी."

आईला ते आवडलं. चूल पेटवून चहा ठेवते म्हणाली. मी हातपाय धुवायचं निमित्त करून मागच्या दारी गेले, टाकीपाशी, जिथे बाबांच्या बिडीची थोटकं पडलेली असतात, आणि तिथे उभी राहिले. अनोळखी होऊन त्यांनी मला सोडवलं होतं. आणि मी सुटलेही होते, पहिल्या दोन फुंकांएवढा वेळ का होईना, त्यांना काका म्हणत सुटले होते.